बिऱ्हाड नसलेल्यांची पंगत

आजोबांच्या तोंडून ‘हॉटेलात जेवलो’ हे शब्द कधी कौतुकानं आले नाहीत. दुसरं महायुद्ध संपल्यावर ते वेंगुर्ल्याहून बोटीनं निघून भाऊच्या धक्क्यावर उतरले, डिलाईल रोडच्या चाळीत गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकली आणि एका गिरणीच्या दारात बदली कामगार म्हणून उभे राहिले. त्या खोलीत एका वेळी जेवढी माणसं झोपू शकत, त्याहून कितीतरी जास्त जण तिच्या भाड्यात भागीदार होते. एका पाळीचे उठले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागी अंग टाकत. तिथं चूल मांडायला जागा नव्हती, आणि मांडली असती तरी रांधणार कोण? बायकामुलं गावी. म्हणून बाहेर जेवायचं.

मुंबईत कुठं जेवावं, यावर हल्ली पुष्कळ लिहिलं जातं. चव, सजावट, पुरस्कार, सगळं त्यात असतं. मला मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींतून एक वेगळीच बाजू दिसत गेली. या शहरातल्या बहुतेक जुन्या, नावाजलेल्या जेवणाच्या जागा चैनीच्या पोटी जन्मल्या नाहीत. एकट्यानं आलेल्या, बिऱ्हाड नसलेल्या पुरुषांच्या भुकेनं त्या उभ्या केल्या. हे ठाऊक असलं की त्या जागेत जेवताना पानातला प्रत्येक पदार्थ कुणासाठी तसा झाला, हे कळायला लागतं.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि ताडदेवला गिरणी उभी राहिली. मग परळ, लालबाग, भायखळा, वरळी असं गिरणगाव पसरत गेलं. कोकणातून आणि घाटावरून माणसं येत राहिली, आणि त्यांच्या पाठोपाठ खानावळी आल्या. त्या खानावळींना पाटी नव्हती. चाळीतली दहा बाय दहाची खोली, तीच घर आणि तीच खानावळ. कामगाराची बायको किंवा विधवा बाई स्वतःच्या चुलीवर आणखी काही माणसांचं रांधायची. जेवणाऱ्यांना ‘मेंबर’ म्हणत.

माझी आजी अशीच एक खानावळवाली. आजोबांना स्वतंत्र खोली मिळाल्यावर ती गावाहून आली, आणि पगारात भागेना म्हणून वर्षभरात तिनं मेंबर घेतले. तिच्या गोष्टी आजोबांच्या गोष्टींपेक्षा नेमक्या असत, कारण त्यात हिशेब असायचा. पहाटे नळाला पाणी येण्याआधी ती उठायची. सकाळच्या पाळीच्या मेंबरांचे डबे भोंग्याच्या आत तयार हवेत. मग दुपारच्या पाळीवाल्यांची पंगत, आणि रात्री उशिरा सुटलेल्यांसाठी झाकून ठेवलेलं. भात, भाकरी, आमटी, एक भाजी. सोमवारी शिवराक म्हणजे शाकाहारी, बुधवारी आणि रविवारी मासे. बांगडा स्वस्त असेल तर बांगडा, नाहीतर सुकट. वाटपाचा नारळ ती दोनदा वाटायची. पहिल्या रसाची आमटी सगळ्यांना पुरत नसे, म्हणून दुसरा रस काढून त्यात तिरफळं घालायची. तिरफळाच्या वासानं आमटीचा पातळपणा झाकला जातो, असं ती सांगे. मालवणी हॉटेलात बसून मी तिरफळाचा स्वाद घेते, तेव्हा हे काटकसरीचं शहाणपण मला त्यात हटकून सापडतं.

आजीला अक्षरओळख नव्हती. दारामागच्या भिंतीवर प्रत्येक मेंबराची एक ओळ असे आणि त्यापुढं खडूच्या रेघा. सरळ रेघ म्हणजे एक जेवण, आडवी रेघ म्हणजे पाहुणा आणला होता, आणि रेघेवर टिंब म्हणजे आजारपणातली पेज. पेजेचे पैसे ती घेत नसे, पण टिंब काढायची. पगाराच्या दिवशी मेंबर त्या भिंतीपुढं उभे राहत आणि ती रेघा मोजत मोजत पुसत जाई. आजोबांचा नियम एकच होता: ‘पगार झालो काय पयले खानावळीचे पैशे.’ वाण्याची उधारी त्या पैशांतून फिटायची. महिना लांबला तर आजीचं मंगळसूत्र सावकाराकडं जायचं आणि व्याज भरून परत यायचं.

गिरणगावातल्या हजारो बायकांची हीच गत होती. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या आणि कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी ती जवळून पाहिली. गिरणी चालते ती या बायकांच्या चुलीवर, आणि युनियनच्या हिशेबात त्या कुठंच नाहीत, हे त्यांनी ओळखलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं, खानावळवाल्यांना एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. सावकाराच्या दारातून बायका बँकेच्या दारात गेल्या. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीचा इतिहास कुणी नीट लिहील तेव्हा त्यात प्रेमाताईंचं नाव मोठमोठ्या शेफ मंडळींच्या आधी यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

खानावळीची दुसरी बाजूही आजोबांनीच सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा आवाज चढायचा. खानावळीला जात होती. आजीचे सगळे मेंबर आमच्याच गावचे नि आमच्याच समाजाचे. गिरणीतही तसंच. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार बरा, पण तिथं कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात उभं राहू देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसाला लावला होता. आजोबा साचेवाले. शेजारच्या खात्यातला त्यांचा एक जिवलग मित्र कधीच आजीच्या पंगतीला बसला नाही, बसवला गेला नाही. मग ते दोघं कुठं भेटत? इराण्याकडं.

इराण्याबद्दल खरं ऐकावं ते आईच्या मामांकडून. ते गिरगावात राहत आणि फोर्टात एका कचेरीत कारकून होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातल्या यझ्द आणि केरमान भागातून झरथुष्ट्री कुटुंबं मुंबईला आली आणि त्यांनी नाक्यानाक्यावर चहाची दुकानं थाटली. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार घेत नसत, ती इराण्यांनी घेतली, असं मामाआजोबा सांगत. दोन्ही रस्त्यांनी उजेड येणारी ती जागा, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. शेजारी कोण बसलंय ते कुणी विचारत नसे. एक चहा आणि ब्रून मस्का घेऊन तासभर पेपर वाचत बसलं तरी कुणी उठवत नसे. घरी दहा माणसांत एक खोली असलेल्या तरुणाला हा तास म्हणजे स्वतःची बैठक होती. मामाआजोबांनी नोकरीचे पहिले अर्ज तिथंच लिहिले.

धोबीतलावचं कयानी १९०४ पासूनचं. ग्रँट रोड स्टेशनबाहेरचं मेरवान १९१४ पासूनचं. तिथला मावा केक हवा तर सकाळीच जावं लागे. आणि बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. बॅलार्ड इस्टेट ही गोदी खणताना निघालेल्या भरावावर वसवलेली कचेऱ्यांची वस्ती. तिथं घरं नाहीत, म्हणून ब्रिटानिया पहिल्यापासून दुपारच्या जेवणाची जागा. तिथला बेरी पुलाव मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीनं इराणातून शिकून आणला. मोकळा भात, त्यात कोंबडी किंवा मटण, आणि वर पेरलेल्या झेरेष्कच्या इवल्या लाल बेऱ्या. त्या दाताखाली आल्या की आधी आंबट लागतात, मग भाताच्या तुपात मिसळून गोडसर होतात. एक घास नुसत्या बेरीचा, एक तळलेल्या कांद्याचा, असं मी त्या ताटातून फिरते. बोमनशेठ नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी येऊन ऑर्डर घेत आणि इंग्लंडच्या राणीचं पत्र दाखवत. २०१९ मध्ये ते गेले. पुलाव चालू आहे, आणि मुंबईत एकच जेवण परवडणार असेल तर मी पाहुण्याला इथं नेईन.

गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम होतं. गोव्याकडचं जेवण, माशाची कढी, तळलेली सुरमई, आणि गिऱ्हाईकाशी एक शब्दही जास्त न बोलणारी वाढपी मंडळी. मामाआजोबा म्हणत, तिथं जेवण झाल्यावर रेंगाळलं की आपणच ओशाळायचो, कारण दारात पुढचा माणूस उभा असे. ते बंद झालं आणि तशी कढी पुन्हा कुठं मिळाली नाही, हे त्यांचं म्हणणं. मी लहान असताना एकदाच गेले. आठवतं ते फक्त कढीचं केशरी रूप.

माटुंग्याची कथा गिरणगावाला समांतर चालते. प्लेगनंतर शहर उत्तरेकडं वाढवलं गेलं, दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या झाल्या, आणि रेल्वेत नि कंपन्यांत टंकलेखन, हिशेब करणारे दक्षिणेकडचे तरुण तिथं राहायला आले. तेही एकटे. त्यांच्यासाठी उडुपीकडच्या माणसांनी बोर्डिंगं काढली. त्यातलं ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं, माटुंगा स्टेशनाबाहेर मंडईच्या वरच्या मजल्यावर. दुपारी रांग असते. रांगेत उभं राहावं. केळीचं पान, भात, सांबार, रस्सम, दोन भाज्या, दही. भाताच्या मधोमध बोटांनी खळगं करून त्यात रस्सम ओतून घ्यायचं आणि ते पानाबाहेर वाहायच्या आत कालवायचं. शेजारचा म्हातारा हे ज्या सफाईनं करतो ते पाहत राहावं. इथं पोट भरणं हा मुख्य हेतू आजही लपवलेला नाही. वाढपी ‘आणखी?’ विचारतो तेव्हा ते मनापासून विचारलेलं असतं. आजच्या कुठल्याही महागड्या जागेत मला इतकं निर्मळ आतिथ्य भेटलेलं नाही.

दादरला मामा काण्यांचं स्वच्छ उपाहारगृह १९१० पासून स्टेशनाजवळ आहे. एके काळी अशा अनेक पाट्यांवर ‘ब्राह्मणांचे’ हा शब्द असे, आणि आजोबा त्या पाटीखालून कधी आत गेले नाहीत. आज तिथं कुणीही बसून बटाटावडा खातं. शिवसेना भवनासमोरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमध्ये जगातल्या सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला तेव्हा आमच्या घरी पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. त्या मिसळीचा तिखटपणा बेतानं असतो, मटकीची चव राहते, आणि मला ती तशीच आवडते.

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आजोबाही. आजीच्या भिंतीवर रेघा वाढत गेल्या आणि पुसल्या जाईनात. मेंबर एकेक करून गावी परतले. जे राहिले ते मान खाली घालून जेवत. वाण्यानं माल देणं थांबवलं तेव्हा बाबांची नुकती लागलेली नोकरी होती, त्या पगारावर ही पंगत काही महिने चालली. बाबा चिडून म्हणाले होते, बंद कर आता. तिचं उत्तर बाबा अजून तिच्याच बोलीत सांगतात: ‘पानार बसलल्या माणसाक उठ म्हणान सांगतलंय कसा?’ काहींनी वर्षांनी पैसे आणून दिले, काही पुन्हा दिसले नाहीत. संप कधी रीतसर संपलाच नाही. गिरण्या मात्र संपल्या.

त्या जमिनींवर आता काय आहे ते सगळ्यांना दिसतं. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात, जुन्या प्रोसेस हाऊसमध्ये, २०१५ पासून बॉम्बे कँटीन आहे. महालक्ष्मीला लक्ष्मी मिलच्या आवारात २०१६ मध्ये मास्क सुरू झालं. तिथली एकामागून एक येणारी छोटी पानं जगभरात वाखाणली जातात. मी बाबांना बॉम्बे कँटीनमध्ये नेलं. जेवण उत्तम होतं, देशी धान्यं आणि भाज्या इतक्या मायेनं वापरलेल्या की आजीनं दाद दिली असती. याच कमला मिलच्या आवारात डिसेंबर २०१७ मध्ये दुसऱ्या एका ठिकाणी लागलेल्या आगीत १४ माणसं गेली, हेही आम्हाला जेवताना आठवत होतं. बाबा छताकडं बघून म्हणाले, इथं कापड धुवून रंगवत, वाफेनं माणूस भाजून निघायचा. वाढणाऱ्या मुलानं ते ऐकलं आणि हातातलं काम थांबवून आणखी विचारलं. त्याचे आजोबाही गिरणीत होते, लालबागला.

गिरण्यांतले कित्येक माग भंगाराच्या भावानं भिवंडीला गेले. गेल्या वर्षी बाबांना तिकडं काम होतं, मी सोबत गेले. दुपारी एका यंत्रमागाच्या गाळ्याशेजारी भाताचा वास आला आणि बाबा थेट आत शिरले. भिवंडीत अशा जागेला बिसी म्हणतात. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून एकट्यानं आलेले कामगार आठवड्याचे किंवा महिन्याचे पैसे देऊन दोन वेळ जेवतात. चालवणारी बाई तेलंगणाची, पद्मशाली समाजातली, हिंदी-मराठी दोन्ही बोलणारी. भात, चिंचेचं आंबट वरण, वांग्याची भाजी. शुक्रवारी माग बंद असतात म्हणून त्या दिवशी कोंबडी. बाबांनी उधारीचं विचारलं. तिनं वही उघडून दाखवली: नावं तेलुगूत, आकडे इंग्रजीत, गावी गेलेल्यांच्या नावापुढं चौकट. ‘येतात परत,’ ती म्हणाली, ‘आले की पहिले इथं देतात.’ बचत गटातून कर्ज काढून तिनं मोठी शेगडी घेतली आहे, आणि शेजारचा गाळा भाड्यानं मिळाला तर आणखी वीस माणसं बसतील, असं ती हिशेब करून सांगत होती.