कच्चं लिंबू आणि रडीचा डाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गल्लीत लपाछपी किंवा डबा ऐसपैस सुरू झाला, की कुणाचा तरी धाकटा भाऊ हट्टानं मागे यायचा. घरी पाठवावं तर रडत आईकडे जाणार आणि खेळात घ्यावं तर पहिल्याच फेरीत सापडणार. यावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा तोडगा म्हणजे ‘कच्चं लिंबू’. तोही सगळ्यांसारखा पळायचा, लपायचा. पण सापडला तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. त्यामुळे खेळ बिघडतोय, असं कुणालाच वाटत नसे. मात्र एखादा चांगला थोराड मुलगा आउट झाल्यावर ‘मी नाहीच आउट’ म्हणून हुज्जत घालू लागला, की सगळे एका सुरात ओरडायचे, ‘रडीचा डाव!’ सवलत आम्हाला चालायची, लबाडी चालायची नाही. हा फरक आम्हाला कुणी शिकवला नव्हता.

व्हिडिओ गेमचा इतिहास वाचताना मला हे पुन्हा पुन्हा आठवतं. खेळ किती अवघड असावा आणि ते कुणी ठरवावं, यावरून तिथं पहिल्यापासून भांडणं होत आली आहेत. खेळ बनवणाऱ्यानं ठरवावं, यंत्र मांडून बसलेल्या दुकानदारानं, की खेळणाऱ्यानं? हे भांडण दोन वेळा तर कोर्टात गेलं.

सुरुवात जपानपासून करू. १९७८ मध्ये तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला. पडद्यावर परग्रहावरच्या शत्रूंच्या पाच रांगा, एका रांगेत अकरा, म्हणजे एकूण पंचावन्न. त्या काळच्या यंत्राला इतकी चित्रं झटपट हलवणं झेपत नव्हतं. पण जसजसे शत्रू मरत, तसतसा यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले अधिकाधिक वेगानं पुढे सरकत. निशिकादोंनी हा दोष काढून टाकला नाही. खेळणारा जिंकत आला की खेळ कठीण होत जातो, ही चढण त्यातून आपोआप तयार झाली. लोकांना ती आवडली, कारण तिच्यात फसवणूक नव्हती. शेवटचा शत्रू वेगानं धावणार हे दोन-चार वेळा हरल्यावर कळत असे आणि पुढच्या वेळी तयारी करता येत असे.

हे खेळ तेव्हा दुकानात, नाणं टाकून खेळायचे असत. त्यामुळे अवघडपणाला पैशाचं गणित चिकटलं. नवशिका दोन मिनिटांत हरला तर तो पुन्हा येणार नाही आणि पटाईत गडी एका नाण्यावर तासभर खेळत राहिला तर दुकानदाराचं नुकसान. म्हणून अनेक यंत्रांच्या पेटीत आतल्या बाजूला बारीक खटके असत. किती जीव द्यायचे, किती गुणांवर जादा जीव द्यायचा, हे दुकानदार त्यावरून ठरवी. समोर उभ्या असलेल्या खेळणाऱ्याला त्याचा पत्ता नसे.

खेळणाऱ्यांनीही आपला उपाय शोधला. नामको कंपनीतल्या तोरू इवातानी यांच्या १९८० च्या ‘पॅकमॅन’मध्ये चार भुतं खेळणाऱ्याच्या मागे लागतात. लाल भूत सरळ पाठलाग करतं, गुलाबी भूत पुढची वाट अडवायला बघतं. ही भुतं ठरलेल्या नियमांनी चालतात. तुम्ही तेच वळण त्याच क्षणी घेतलंत, तर तीही तशीच वागतात. हे ओळखून अमेरिकेतल्या मुलांनी अख्खे मार्ग पाठ केले. पाढे म्हणावेत तसे ते खेळायचे आणि एका नाण्यावर तासन्‌तास टिकायचे. आता ही हुशारी म्हणायची की लबाडी? खेळणाऱ्यांच्या मते ती मेहनतीची कमाई होती. दुकानदारांना मात्र गल्ला रिकामा दिसत होता.

याच रिकाम्या गल्ल्यातून पहिला खटला उभा राहिला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या आवारात काही विद्यार्थी खेळांची यंत्रं चालवत होते. त्यात अटारी कंपनीचा ‘मिसाइल कमांड’ होता. मुलं त्यात तरबेज झाली आणि कमाई घसरली. तेव्हा या विद्यार्थ्यांनी एक जोडपट्टी तयार केली. ती यंत्रात बसवली की खेळ नवा आणि अधिक कठीण होई. इतर दुकानदारांनाही ते ती विकू लागले. १९८१ मध्ये अटारीनं त्यांच्यावर दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली, ती अशी की अटारीनंच त्यांना खेळ बनवण्याचं काम दिलं. त्यांनी ‘पॅकमॅन’साठी केलेली अशीच जोडपट्टी मिडवे कंपनीनं उचलली आणि १९८२ मध्ये ती ‘मिस पॅकमॅन’ या नावानं बाजारात आली. तिच्यात भुतांच्या हालचालीत थोडी अनिश्चितता घातली होती. पाठांतर निरुपयोगी झालं. तरीही खेळणारे रुसले नाहीत. अमेरिकेत तो खेळ तुफान चालला. घोकंपट्टीऐवजी आता नजर आणि प्रसंगावधान लागत होतं, आणि ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखंच लागत होतं.

पुढे खेळ घरातल्या टीव्हीवर आले. एकदा विकत घेतलेल्या खेळात नाण्याचा प्रश्न उरला नाही, पण अवघडपणा मात्र राहिला. १९८६ मध्ये कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रेडियस’ या खेळाची घरगुती आवृत्ती करत होते. तपासणीसाठी खेळायला बसल्यावर तो त्यांना स्वतःलाच झेपेना. म्हणून त्यांनी आपल्यापुरती एक खूण ठेवली: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए. एवढी बटणं दाबली की सगळी शस्त्रं हाती. ही खूण तशीच खेळात राहून गेली आणि जगभर पसरली. त्याच कंपनीच्या ‘कॉन्ट्रा’मध्ये ती दाबली, तर तीन जिवांचे तीस जीव होत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त नकली यंत्रांवर ‘कॉन्ट्रा’ खेळलेल्यांना हे मंत्रासारखं पाठ असे. तीन जिवांत मला तो खेळ कधीही पुरा करता आला नाही. तीस जिवांत मात्र मित्राच्या जोडीनं एकदा शेवट पाहिला. त्या आनंदात काही खोट आहे, असं मला आजही वाटत नाही. हाशिमोतो २०२० मध्ये वारले, तेव्हा खेळ सोपा करून देणारा हा माणूस जगभरच्या खेळणाऱ्यांनी प्रेमानं आठवला.

उलट उदाहरणही त्याच वर्षाचं आहे. १९८६ मध्ये निन्टेंडोनं ‘सुपर मारिओ’चा दुसरा भाग जपानमध्ये काढला. त्यात बळ देणाऱ्या अळंबीसारखंच दिसणारं विषारी अळंबं होतं आणि पुढे नेण्याऐवजी मागे नेऊन सोडणाऱ्या चोरवाटा होत्या. कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेला हा खेळ त्रासदायक वाटला. त्यांनी तो घेतलाच नाही. १९८८ मध्ये त्याच नावाखाली तिथं भलताच खेळ विकला गेला. जपानी मूळ खेळ अमेरिकेत पोचायला १९९३ साल उजाडलं.

दुसरा खटला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनच्या कोडमास्टर्स कंपनीनं ‘गेम जिनी’ नावाचं एक उपकरण काढलं. ते यंत्र आणि खेळाची कॅसेट यांच्या मध्ये बसे. ठरावीक अक्षरं भरली की जीव वाढत, उडी उंच जाई. कॅसेटमध्ये कायमचा काहीही बदल होत नसे. उपकरण काढलं की खेळ पूर्वीसारखा. अमेरिकेत ते गलूब ही खेळणी बनवणारी कंपनी विकणार होती. हा आमच्या कलाकृतीत परस्पर केलेला बदल आहे, असं म्हणत निन्टेंडोनं १९९० मध्ये विक्रीवर मनाई मिळवली. मात्र १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी निकाल गलूबच्या बाजूनं दिला. निकालाचा मथितार्थ असा: ग्राहकानं खेळाची योग्य किंमत मोजली आहे. आता विकत घेतलेल्या पुस्तकाची काही पानं गाळून वाचावीत, तसा तो खेळ स्वतःच्या आनंदासाठी घरात हवा तसा खेळायला तो मोकळा आहे. १९९२ मध्ये वरच्या कोर्टानंही हाच निकाल कायम केला. मनाईच्या काळातल्या नुकसानीपोटी गलूबला दीड कोटी डॉलर मिळाले.

म्हणजे घरात, एकट्यानं खेळताना कच्चं लिंबू होण्याचा हक्क कोर्टानं मान्य केला. समोर दुसरा खेळाडू असेल तेव्हा मात्र गोष्ट बदलते. नोव्हेंबर २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स कंपनीचा ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ येत होता. इंटरनेटवरून एकमेकांशी लढायचा हा खेळ. पैसे मोजून बंद पेट्या घेता येत आणि नशीब असेल तर त्यातून लढाईत वरचढ ठरवणारी पत्ती निघत. पैसे न मोजणाऱ्याला मात्र डार्थ व्हेडरसारखं पात्र मिळवायला साठ हजार गुण जमवावे लागणार होते. खेळणाऱ्यांनी हिशेब मांडला, तर त्यासाठी कित्येक तास खेळावं लागलं असतं. जगभर संताप उसळला. कंपनीनं आधी गुणांची अट पंचाहत्तर टक्क्यांनी उतरवली आणि शेवटी, अधिकृत प्रकाशनाच्या आदल्या दिवशी, पैशांची खरेदीच थांबवली. पुढे एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगानं काही खेळांतल्या अशा पेट्या जुगारच ठरवल्या. खेळ कठीण आहे, अशी इथं कुणाची तक्रार नव्हती. समोरचा पैशानं जिंकतो, ही तक्रार होती. आपल्या भाषेत, रडीचा डाव.

या वादाचा एक धागा अजून सुटलेला नाही. २०१९ मध्ये जपानचा ‘सेकिरो’ हा अत्यंत कठीण खेळ आला. त्यात सोपी पातळी ठेवलेलीच नव्हती. त्याचे कर्ते हिदेताका मियाझाकी यांची भूमिका अशी, की सगळ्यांनी एकच चढ चढावा, म्हणजे पुढे त्याबद्दल एकमेकांशी बोलताही येतं. यात तथ्य आहे. गड चढून गेलेल्यांच्या गप्पा वेगळ्याच असतात. पण ज्याची बोटं नीट चालत नाहीत, नजर मंद आहे, त्यानं काय करायचं? त्याआधी एक वर्ष, २०१८ मध्ये, आलेल्या ‘सेलेस्ट’ या डोंगर चढण्याच्या खेळात याचं एक उत्तर होतं. तोही भलता कठीण. पण ज्याला गरज आहे, त्यानं खेळाचा वेग कमी करावा, थकवा काढून टाकावा, हवं तर पडून मरणंही बंद करावं. बाकीच्यांचा चढ तेवढाच उभा राहतो.

मला हे उत्तर आपलं वाटतं. गल्लीत कच्चं लिंबू असल्यामुळे कुणाचा डाव कधी हलका झाला नाही. खेळून खेळून ते पोर मोठं झालं, की एक दिवस स्वतःच म्हणायचं, ‘आता माझ्यावरही राज्य येऊ द्या.’