संग्राह्य नाण्यांची प्रतवारी व मूल्यनिर्णय

संग्राह्य नाण्यांची प्रतवारी व मूल्यनिर्णय : चलनातून बाद झालेल्या वा संग्रहासाठीच राखलेल्या नाण्याची झीज, झळाळी, ठशाचा उठाव व पृष्ठभागावरील दोष पाहून त्याचा दर्जा ठरविण्याच्या पद्धतीस प्रतवारी म्हणतात. प्रत हा किंमत ठरविणाऱ्या घटकांपैकी एक घटक आहे. अस्सलपणा, दुर्मिळता, मागणी व ऐतिहासिक महत्त्व हे अन्य प्रमुख घटक होत. प्रत म्हणजेच मूल्य, अशी समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. तिचा उगम व तिच्या मर्यादा या विषयाच्या इतिहासावरून स्पष्ट होतात.

नाण्याची पारख हे मुळात सराफाचे काम. भारतात मोगल व मोगलोत्तर काळात रुपया हाती येताच सराफ त्याचे वजन व धातूचा कस तपासी. तपासलेल्या रुपयावर पुष्कळदा लहान खुणा उमटविल्या जात. चालू सालचा सिक्का रुपया पूर्ण किंमतीस चाले, तर जुन्या सालच्या रुपयावर बट्टा कापला जाई. म्हणजे झिजेचा हिशेब तेव्हाही होताच, पण तो धातूचा होता. संग्राहकाची दृष्टी याहून निराळी असते. सराफाच्या ज्या खुणेमुळे व्यापाऱ्याला रुपयाच्या खरेपणाची खात्री पटे, तीच खूण आजच्या प्रतवारीत सामान्यतः दोष ठरते.

यूरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात नाणेसंग्रहाचा छंद वाढला, तेव्हा ‘बरे’, ‘चांगले’, ‘उत्तम’ अशा शब्दांनी नाण्याचा दर्जा सांगितला जाई. या शब्दांना निश्चित अर्थ नव्हता. विकणाऱ्याचे ‘उत्तम’ हे घेणाऱ्याच्या दृष्टीने पुष्कळदा ‘चांगले’ एवढेच असे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्ट शेल्डन (१८९८–१९७७) यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंट नाण्यांवरील ग्रंथात १ ते ७० अशी अंकश्रेणी मांडली. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्यास १ व निर्दोष नाण्यास ७० हा अंक होता. ही श्रेणी मुळात किंमतीचे कोष्टक होती. त्या प्रकारच्या नाण्याची मूळ किंमत एक डॉलर असेल, तर ७० प्रतीच्या नाण्याची किंमत सत्तर डॉलर, असा हा सरळ गुणाकार होता. पुढे न वापरलेल्या नाण्यांचे भाव इतरांच्या मानाने फार वाढले व थोड्याच वर्षांत हा गुणाकार निरुपयोगी ठरला. अंक मात्र टिकून राहिले. किंमत सांगण्यासाठी योजलेली श्रेणी अशा रीतीने दर्जा सांगण्यासाठी वापरात आली.

अमेरिकेतील नाणेसंग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७७ मध्ये प्रतवारीची अधिकृत मानके प्रसिद्ध केली. न वापरलेल्या नाण्यांसाठी त्यांत प्रारंभी ६०, ६५ व ७० एवढेच टप्पे होते. १९८६ व १९८७ मध्ये दोन खाजगी संस्थांनी नाणी तपासून, अंक देऊन, ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून परत करण्यास प्रारंभ केला. त्यांच्या पद्धतीत ६० ते ७० मधील प्रत्येक अंकाला स्वतंत्र स्थान मिळाले. यामुळे नाणे प्रत्यक्ष न पाहता केवळ अंकावर व्यवहार होऊ लागले. गुंतवणूकदारांचा पैसा या बाजारात आला, भाव चढले आणि १९८९-९० च्या सुमारास ते कोसळले.

या पद्धतीचे लाभ मोठे आहेत. तज्ञांची तटस्थ तपासणी होत असल्याने बनावट नाण्यांना बराच पायबंद बसला. घासूनपुसून कृत्रिम चकाकी आणलेली नाणी वेगळी पडू लागली. तथापि प्रतवारी हे मोजमाप नव्हे, ते मत आहे. तेच नाणे डबीतून काढून पुन्हा पाठविल्यास कधीकधी निराळा अंक मिळतो. ६५ व ६६ यांमधील फरक डोळ्यांना क्वचितच जाणवतो, भावात मात्र तो कित्येक पटींचा असू शकतो. प्रत्येक प्रतीची किती नाणी तपासली गेली याची कोष्टके या संस्था प्रसिद्ध करतात. पुनःपुन्हा पाठविलेले एकच नाणे त्यांत अनेकदा मोजले जाण्याची शक्यता असते. शिवाय डब्यांचीही बनावट होऊ लागली आहे. आधुनिक टांकसाळीतून थेट संग्राहकांसाठी निघालेल्या नाण्यांत ७० हा अंक विपुल आढळतो. त्यामुळे अशा नाण्यास धातूच्या किंमतीहून फारसे अधिक मूल्य असेलच असे नाही.

खुद्द शेल्डन यांचे प्रकरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. न्यूयॉर्क येथील अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट नाणी त्यांनी काढून घेतली व त्यांच्या जागी त्याच प्रकारची हलक्या प्रतीची नाणी ठेवली, असे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. पुढे न्यायालयातही ते ग्राह्य धरले गेले. प्रकार तोच असल्याने केवळ नोंदवही पाहणाऱ्याला काहीच उणे भासत नव्हते. जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून पाहिल्यावर अदलाबदल ध्यानात आली. नाण्याची ओळख त्याच्या अंकावर नव्हे, तर त्याच्या पूर्वपरंपरेच्या नोंदीवर अवलंबून असते, हे यावरून दिसून येते.

भारतीय नाण्यांच्या बाबतीत ही श्रेणी अधिकच जपून वापरावी लागते. हाताने पाडलेल्या नाण्यांत ठसा मध्यापासून सरकलेला असतो आणि लेखाचा काही भाग नाण्याबाहेर राहतो. तो निर्मितीचा स्वभाव आहे, झीज नव्हे. शिवराईसारखे तांब्याचे नाणे दीर्घकाळ वापरात राहिल्याने गुळगुळीत झालेले आढळते. चिंच वा राख लावून ते लख्ख केल्यास त्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा नष्ट होतो. मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींनी ब्रिटिश अमदानीतील काही जुन्या नाण्यांची संग्राहकांसाठी पुनर्मुद्रणे केली. ती दिसावयास मूळ नाण्यांहून सरस असली, तरी त्यांचे मूल्य निराळे ठरते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार किमान शंभर वर्षांचे नाणे पुरावस्तू ठरते व खाजगी व्यक्तीस ते निर्यात करता येत नाही. म्हणून विदेशी बाजारातील भाव अशा नाण्यास सरसकट लावता येत नाही.

अंक व मूल्य यांतील अंतराचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नासिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात क्षत्रप नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. त्या ठशाखाली नहपानाचा मुखवटा व लेख अनेक ठिकाणी चेपले गेले आहेत. केवळ दर्शनी स्थितीचा विचार केल्यास ही नाणी दूषित ठरतील. परंतु सातवाहनांनी नहपानाचा पाडाव करून त्याचे चलन आपल्या नावे चालविले, याचा प्रत्यक्ष पुरावा त्या दुसऱ्या ठशातच आहे. प्रतवारी नाण्याची आजची स्थिती सांगते. ते कोणी पाडले, कोठे सापडले व कोणाच्या हातून गेले, हे जाणल्याखेरीज त्याचे खरे मूल्य ठरत नाही.