विमानांच्या प्लॅस्टिक प्रतिकृती
विमानांच्या प्लॅस्टिक प्रतिकृती जोडणे व रंगवणे हा एक छंद आहे. यात १:७२, १:४८ व १:३२ ही प्रमाणे प्रचलित आहेत. नाशिकजवळील ओझर येथे बांधणी झालेल्या सुखोई-३० एमकेआय विमानाची लांबी सुमारे २२ मीटर असून १:७२ प्रमाणात ती सुमारे ३० सेंटिमीटर भरते.

पॉलिस्टायरीनचे सुटे भाग द्रावकयुक्त गोंदाने जोडतात. हा गोंद प्लॅस्टिक विरघळवून सांधा एकजीव करतो. वैमानिकाचा कक्ष आधी रंगवून मगच धडाचे दोन भाग जोडले जातात. त्यानंतर अस्तर, रंग, डेकल व संरक्षक लेप असा क्रम असतो.

बदलापूरसारख्या ठिकाणी पावसाळ्यातील दमट हवेत फवारलेला लॅकर पांढुरका पडू शकतो. म्हणून रंगकाम कोरड्या दिवशी करणे योग्य ठरते. द्रावकांची वाफ अपायकारक असल्याने खोलीत हवा खेळती ठेवणे आवश्यक असते.