हेन्री ओल्डेनबर्ग : विद्वानांचा चिटणीस

शास्त्रांच्या इतिहासात शोधकांची नावे राहतात. न्यूटन आणि बॉइल ही नावे शाळेतील मुलांसही ठाऊक असतात, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु डेल्फ्ट गावच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने भिंगातून जे पाहिले ते लंडनच्या विद्वानांस इंग्रजीत कोणी वाचावयास दिले, अथवा केंब्रिजच्या एका अबोल अध्यापकाचे काम पॅरिसपर्यंत कोणी पोहोचविले, असे विचारल्यास बहुधा उत्तर मिळत नाही. शोध एकाच्या डोक्यात उपजतो हे खरे. पण त्यास ज्ञानाची पदवी प्राप्त होण्यासाठी तो दुसऱ्याच्या कानी पडावा लागतो, तिसऱ्याने पारखावा लागतो, चौथ्याने त्यावर शंका काढावी लागते. ही जी ये-जा, ती आपोआप होत नाही. ती कोणी तरी करवीत असतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात ती ज्याने करविली, त्या हेन्री ओल्डेनबर्ग नामक गृहस्थाची ओळख वाचकांस करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

ओल्डेनबर्गने स्वतः एकही शोध लावला नाही. त्याच्या नावे कोणताही नियम किंवा सिद्धांत नाही. तो रॉयल सोसायटीचा चिटणीस होता, एवढेच त्याचे पद. चिटणीस हा शब्द मराठी वाचकास परका नाही. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी हे त्याच काळचे. राज्य तरवारीने मिळते, पण ते चालते पत्रांवर, ही गोष्ट आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. विद्येच्या राज्यातही हाच न्याय आहे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ओल्डेनबर्गचे चरित्र होय.

त्याचा जन्म जर्मनीतील ब्रेमेन शहरी १६१९ च्या सुमारास झाला. तारुण्याची कित्येक वर्षे युरोपात हिंडण्यात गेल्यावर १६५३ साली तो ब्रेमेनचा वकील म्हणून क्रॉमवेलच्या दरबारी लंडनला आला. तेथे रॉबर्ट बॉइलच्या घराण्याशी त्याचा परिचय झाला आणि बॉइलच्या भाच्याचा शिक्षक म्हणून १६५७ पासून १६६० पर्यंत त्याने पुन्हा प्रवास केला. पॅरिसमधील विद्वानांच्या बैठका त्याने या प्रवासात जवळून पाहिल्या. लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी, इटालियन आणि डच इतक्या भाषांत त्याची गती होती. परदेशात राहून परक्यांच्या भाषा आणि रीतिभाती शिकलेला हा माणूस पुढे ज्या कामास लागला, त्याची तयारी त्याच्या भटकंतीनेच करून ठेविली होती.

रॉयल सोसायटीची स्थापना नोव्हेंबर १६६० मध्ये झाली व १६६२ साली तिला राजाची सनद मिळाली. त्या सनदेत दोन चिटणिसांची नावे होती, जॉन विल्किन्स आणि हेन्री ओल्डेनबर्ग. परदेशीय विद्वानांशी शास्त्रीय विषयांवर पत्रव्यवहार करण्याची मोकळीकही सोसायटीस त्याच सनदेने दिली. परवानगी कागदावर मिळणे वेगळे आणि तिचा उपयोग होणे वेगळे. सभासद आठवड्यातून एकदा जमत, प्रयोग पाहत, वाद करीत आणि घरोघर जात. बैठकीची टिपणे ठेवणे, आलेल्या पत्रांचे भाषांतर करणे, उत्तरे लिहिणे, ज्याला जे कळावयास हवे त्याला ते कळविणे, हा सारा भार ओल्डेनबर्गवर येऊन पडला. पहिली कित्येक वर्षे त्यास यासाठी वेतन नव्हते. पुढे वार्षिक चाळीस पौंड ठरले.

इतकी पत्रे तो कशी उरकीत असे, याचे कुतूहल त्याच्या समकालीनांसही होते. मार्टिन लिस्टर या वैद्याचा त्याच्याशी कित्येक वर्षे पत्रव्यवहार होता. त्याने पुढे लिहून ठेविले आहे की, ओल्डेनबर्गच्या हातून उत्तर राहिले असे कधी झाले नाही. कारण विचारल्यावर ओल्डेनबर्गने आपल्या दोन रीती सांगितल्या. लेखणी, शाई आणि कागद पुढ्यात घेतल्यावाचून तो पत्र फोडीतच नसे. आणि एका पत्राचे उत्तर तो दुसऱ्या पत्रातून काढीत असे. पहिली रीत कोणत्याही दक्ष कारकुनास शोभेल. दुसरीत मात्र त्याच्या कामाचे सर्व मर्म आहे. इटलीतून आलेली शंका तो हॉलंडला पाठवी, हॉलंडच्या उत्तराने पॅरिसचे समाधान करी, आणि पॅरिसचा आक्षेप लंडनच्या बैठकीत वाची. ज्यांनी एकमेकांस जन्मात पाहिले नव्हते, असे लोक अशा रीतीने एका पंक्तीस येऊन बसले.

मार्च १६६५ मध्ये त्याने या पत्रांतील सारांश मासिकरूपाने छापण्यास आरंभ केला. त्याचे नाव ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’. पॅरिसचे ‘जुर्नाल दे सावाँ’ त्याच्या दोनच महिने आधी निघाले होते. पण त्यात सर्व प्रकारच्या विद्यांना जागा असे, आणि ओल्डेनबर्गचे पत्र मुख्यत्वे सृष्टिशास्त्राला वाहिलेले होते. ते सोसायटीच्या अनुज्ञेने निघत असले तरी जोखीम सर्वस्वी त्याची एकट्याची होती आणि त्यातून फारशी प्राप्ती कधीच झाली नाही. त्याच वर्षी लंडनला प्लेगने ग्रासले. सोसायटीच्या बैठका थांबल्या, सभासद गावोगाव पांगले. ओल्डेनबर्ग मात्र शहरातच राहिला आणि त्याची पत्रे चालू राहिली. विद्वान लोक आपला शोध दुसरा कोणी उचलील या भयाने तो गुप्त ठेवीत, अथवा अक्षरे उलटीसुलटी करून सांकेतिक वाक्यात दडवीत. पत्र कधी आले याची नोंद राहू लागली व मजकूर तारखेसह छापला जाऊ लागला, तेव्हा उघड सांगणाऱ्याचाच हक्क शाबीत होऊ लागला. विद्या लपविण्यापेक्षा वाटण्यात लाभ आहे, ही खात्री विद्वानांस उपदेशाने पटली नसती. ती या नोंदवहीने पटविली.

अपरिचितांस आपलेसे करण्याची त्याची हातोटी दोन उदाहरणांवरून दिसून येईल. बोलोन्याचा शरीरशास्त्रज्ञ माल्पीगी यास १६६७ च्या अखेरीस त्याने आपण होऊन पत्र लिहिले व इतर गोष्टींबरोबर रेशमाच्या किड्याविषयी विचारणा केली. माल्पीगीने त्या किड्याची चिरफाड करून त्यावर ग्रंथच लिहिला. तो सोसायटीने १६६९ मध्ये लंडनला छापला. प्रश्न विचारणाराही ग्रंथाचा कारण होऊ शकतो, तो असा. दुसरे उदाहरण लेव्हेनहूकचे. हा डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी, स्वतः घासलेल्या भिंगांतून सूक्ष्म वस्तू पाहण्याचा त्यास नाद होता. लॅटिन त्यास येत नसे; डच भाषेखेरीज दुसरी भाषा नाही. १६७३ साली द ग्राफ या डच वैद्याने ओल्डेनबर्गला पत्र लिहून त्याची शिफारस केली. त्या वेळी इंग्लंड आणि हॉलंड यांच्यात युद्ध जुंपलेले होते. शत्रुराष्ट्रातला एक अशिक्षितवजा दुकानदार काय सांगणार, असे म्हणून ते पत्र बाजूस सारणे अगदी सोपे होते. ओल्डेनबर्गने लेव्हेनहूकची निरीक्षणे भाषांतरित करून छापली आणि त्यास अधिक लिहिण्याचा आग्रह केला. ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात लेव्हेनहूकने पाण्याच्या थेंबातील, डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन केले. तेही ओल्डेनबर्गनेच इंग्रजीत उतरवून १६७७ च्या प्रारंभी प्रसिद्ध केले. सूक्ष्मजंतुशास्त्राचा उगम शोधीत मागे गेल्यास आपण एका चिटणिसाच्या मेजापाशी येऊन थांबतो.

न्यूटनच्या बाबतीत अडचण वेगळीच होती. लेव्हेनहूकला भाषा नव्हती. न्यूटनला इच्छा नव्हती. त्याने केलेली परावर्तक दुर्बीण १६७१ च्या अखेरीस सोसायटीपुढे आली तेव्हा ओल्डेनबर्गने तिचे वर्णन पॅरिसला हायगेन्सकडे धाडण्याची तजवीज केली, ती दुसऱ्या कोणी आपली म्हणून सांगू नये याकरिता. १६७२ च्या फेब्रुवारीत न्यूटनचा प्रकाश व रंग यांवरील निबंध आला आणि त्याच महिन्यात तो छापून निघाला. त्यावर आक्षेपांचा भडिमार झाला. न्यूटन इतका विटला की, १६७३ मध्ये त्याने सभासदत्व सोडण्याची इच्छा कळविली. ओल्डेनबर्गने त्याच्याशी वाद घातला नाही. वर्गणी माफ करवून घेण्याची तयारी दर्शविली आणि पत्रे चालू ठेविली. न्यूटन राहिला. १६७६ साली लाइब्निट्सकरिता न्यूटनने गणितावर जी दोन प्रसिद्ध पत्रे लिहिली, तीही ओल्डेनबर्गच्याच हातून रवाना झाली.

या पत्रजाळ्याचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत आलेला होता. १६६७ साली ‘ट्रान्झॅक्शन्स’मध्ये सुरत व हिंदुस्थानचे इतर भाग यांविषयी एक प्रश्नावली छापली गेली, तिकडे जाणाऱ्या लोकांनी तेथील सृष्टिविषयक गोष्टींची चौकशी करावी, हा तिचा उद्देश. शिवरायांनी सुरत १६६४ मध्ये एकदा लुटली होती व १६७० मध्ये पुन्हा लुटली. त्या दोन स्वाऱ्यांच्या दरम्यान लंडनमध्ये बसलेला एक मनुष्य सुरतेविषयी शास्त्रीय प्रश्न छापीत होता, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकास मौजेची वाटल्यावाचून राहणार नाही.

परंतु सर्व जगाशी बोलणाऱ्या मनुष्यावर घरात संशय येतो. १६६७ च्या जून महिन्यात डच आरमाराने मेडवे नदीत शिरून इंग्रजांची लढाऊ जहाजे जाळली. राजधानीत घबराट उडाली. त्याच सुमारास ओल्डेनबर्गला पकडून लंडनच्या टॉवरमध्ये कोंडण्यात आले. परदेशी जन्माचा, परदेशांशी पत्रव्यवहार करणारा, आणि युद्धाच्या कारभाराविषयी पत्रांत मोकळेपणे टीका केलेला; एवढे त्या दिवसांत पुरेसे होते. सुमारे दोन महिन्यांनी, तह झाल्यावर, त्याची सुटका झाली. ज्या जोडलेल्या संबंधांमुळे सोसायटीचे नाव युरोपभर झाले, तेच त्याच्या बंदिवासास कारण झाले. आणि सुटून आल्यावर त्याने काय केले? पुन्हा लेखणी, शाई आणि कागद पुढ्यात घेतला. माल्पीगीला ते पत्र गेले, ते त्याच वर्षाच्या अखेरीस.

ओल्डेनबर्ग निर्दोष होता असे म्हणण्याचे कारण नाही. रॉबर्ट हूकशी त्याचे वितुष्ट आले. हायगेन्सने १६७५ साली घड्याळातील स्प्रिंगची युक्ती कळविली व तिचा इंग्लंडातील हक्क ओल्डेनबर्गला देऊ केला, तेव्हा ही युक्ती मूळ आपली, आणि हा चिटणीस परदेशीयांस आपली गुपिते पुरवितो, असा आरोप हूकने छापून केला. सोसायटीच्या कार्यकारी मंडळाने १६७६ मध्ये ओल्डेनबर्गचा पक्ष उचलून धरला. तथापि हूकची तक्रार केवळ मत्सराची होती असे मानता येत नाही. मध्यस्थाच्या हाती फार मोठी सत्ता असते. कोणते पत्र आधी वाचावे, कोणते वाक्य गाळावे, कोणाचा आक्षेप कोणत्या शब्दांत कळवावा, हे तो ठरवितो. हूक आणि न्यूटन यांच्यातील कटुता ओल्डेनबर्गच्या मध्यस्थीने वाढली, असे मत कित्येक इतिहासकारांनी मांडले आहे. दुसऱ्यांची भांडणे ज्याच्या टेबलावरून जातात, त्याच्या हातास थोडे तरी काजळ लागतेच.

सप्टेंबर १६७७ मध्ये तो वारला. थोड्याच दिवसांत त्याची पत्नीही गेली आणि दोन लहान मुले पोरकी झाली. जागा रिकामी झाल्यावर तिची रुंदी कळली. दुसऱ्या चिटणिसाने ‘ट्रान्झॅक्शन्स’ काही काळ चालविले. पण १६७९ पासून १६८३ पर्यंत ते बंद पडले. सोसायटीत न्यूटन होता, हूक होता, बॉइल होता. बुद्धीचा तोटा नव्हता. पत्रास उत्तर देणारा नव्हता. ते नियतकालिक पुढे पुन्हा सुरू झाले व आजतागायत निघत आहे. ओल्डेनबर्गचा पत्रव्यवहार मात्र ग्रंथरूपाने बाहेर यावयास १९६५ साल उजाडावे लागले. त्याचे तेरा खंड पूर्ण व्हावयास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. ते चाळताना ध्यानात येते की, यात स्वतः ओल्डेनबर्गविषयी फारच थोडे आहे. बहुतेक ठिकाणी दुसऱ्याने काय पाहिले आणि तिसऱ्यास काय हवे, एवढेच.

अशा माणसांचे गुण गाणे कठीण असते, कारण त्यांचे यश म्हणजे दुसऱ्यांचे नाव. त्यांचे काम नीट चालले असता ते दिसत नाही. थांबले म्हणजे चार वर्षांची पोकळी दिसते. आपल्याकडील संशोधन मंडळे, ग्रंथालये आणि नियतकालिके यांच्या जुन्या दप्तरांतही असे चिटणीस झाकलेले असतील. त्यांचे चरित्र भाषणांत व स्मारकांत सापडावयाचे नाही. आवक-जावकीच्या वह्यांत, पत्राच्या कोपऱ्यावर ‘उत्तर दिले’ म्हणून केलेल्या शेऱ्यांत ते शोधावे लागेल. थोर पुरुषांची चरित्रे लिहिणाराने ते शेरे वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. थोरपणाचा पुष्कळसा हिशेब तेथेच लिहिलेला असतो.