अरण्यांतील रहस्यकथा

रहस्यकथा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें मोठें शहर उभें राहतें. लंडनची धुकट गल्ली, मुंबईचा एखादा बंद बंगला, मध्यरात्रीं भरधाव जाणारी मोटार! अपराध जणूं शहरांतच घडतात, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. मराठींत ती रुजविण्यांत मोठा वाटा बाबूराव अर्नाळकरांचा. १९९६ सालीं दिवंगत झालेल्या या लेखकानें हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे नायक घरोघरीं पोंचले. लाखनीस शाळेंत असतांना मींही झुंजार इतिहासाच्या पुस्तकाआड लपवून वाचला आहे. पुढें मास्तर झाल्यावर मुलांची तीच युक्ति मला चटकन् ओळखतां येई.

आमच्या गांवाजवळ नागझिऱ्याचें रान आहे. पण झुंजाराची मोटार त्या रानाकडे वळल्याचें निदान माझ्या तरी वाचनांत नाहीं.

इंग्रजींत मात्र ही वाट लौकर पडली. कॉनन डॉइलनें १९०१-०२ मध्यें आपल्या शेरलॉक होम्सला एका राक्षसी कुत्र्याच्या शोधार्थ डार्टमूरच्या ओसाड माळावर धाडलें. तोच माळ १९५१ मध्यें राष्ट्रीय उद्यान झाला. पुढें अमेरिकेंत नेव्हाडा बार या लेखिकेनें, जी स्वतः उद्यानांत रक्षक म्हणून काम करी, एक संबंध मालाच रचली. तिची नायिका ॲना पिजन हीही रक्षकच. कथा बदलली कीं उद्यान बदलतें. १९९३ च्या पहिल्या कादंबरींत टेक्सासमधील ग्वाडालूप पर्वताच्या उद्यानांत एक स्त्री-रक्षक मृतावस्थेंत सांपडते. पहाडी सिंहानें तिला मारलें असें सारे म्हणतात, आणि सिंहांची शिकार सुरू होते. ॲनाला तें पटत नाहीं. मुक्या जनावरावर आलेला आळ खरा कीं खोटा, हाच त्या कथेचा गाभा. दुसरी कथा आइल रॉयल बेटावर, तिसरी मेसा व्हर्डेच्या कड्यांतील प्राचीन वस्तीजवळ घडते. वाचक खुनी शोधतां शोधतां त्या त्या प्रदेशाचें पाणी, वारा आणि पशु ओळखूं लागतो.

अमेरिकेंत यलोस्टोन हें राष्ट्रीय उद्यान १८७२ सालीं झालें. हिंदुस्थानांतील पहिलें उद्यान, जें आज कॉर्बेटचें नांव धारण करतें, तें १९३६ चें. महाराष्ट्रांत १९५५ सालीं ताडोबा आलें. आमच्या बाजूस १९७० मध्यें नागझिरा अभयारण्य व १९७५ मध्यें नवेगांव राष्ट्रीय उद्यान झालें. २०१३ सालीं या दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला.

त्याच २०१३ सालीं नागझिऱ्यांत वाढलेला 'जय' नांवाचा वाघ बाहेर पडला. शेतें, नद्या आणि ज्या महामार्गावर आमची लाखनी वसली आहे तो महामार्ग ओलांडून तो उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यांत जाऊन राहिला. त्याला पाहण्यास दुरून लोक येत. त्याच्या गळ्यांत रेडिओचा पट्टा होता. एप्रिल २०१६ मध्यें त्या पट्ट्याचे संकेत थांबले. वनखात्यानें रानें धुंडाळलीं, गांवोगांव चौकशी केली. पण जय सांपडला नाहीं, त्याचें शवही सांपडलें नाहीं. पुढल्याच वर्षीं त्याचा बछडा श्रीनिवास मेलेला आढळला. पीक राखण्यासाठीं शेताभोंवतीं लावलेल्या तारेंतील विजेनें त्याचा जीव घेतला होता.

श्रोतेहो, यांत काळ्या बुरख्यांतील खलपुरुष कोठें आहे? एका बाजूस रात्रभर रानडुकरें हांकून थकलेला शेतकरी, दुसऱ्या बाजूस हक्काची वाट शोधणारा वाघ. शहरांतील रहस्यकथा गुन्हेगाराच्या हातांत बेड्या पडल्या कीं संपते. आमच्या रानांतील कथेला तेथें थांबतां येणार नाहीं; ती तार शेतांत कां आली, हेंही तिला सांगावें लागेल. म्हणून ती लिहिणारा रान आणि शेत दोन्ही जाणणारा हवा.

असा लेखक मराठींत निघावा, आणि त्याच्या मालेचा पहिला भाग नागझिऱ्यांत घडावा, ही माझी उतारवयांतील इच्छा आहे. मुलांनीं तें पुस्तक भूगोलाच्या पुस्तकाआड लपवून वाचलें, तर मास्तरांनीं तें जप्त करूं नये, एवढीच विनंति.