खानदेशांतील बहिष्कार व मतदान

निवडणुकींतील दडपशाहीचा पुरावा मतपेट्या, मोजणीचे तक्ते व फिर्यादी यांत शोधावा, असा सर्वसाधारण समज आहे. खानदेशापुरता तो अपुरा आहे, असें आमचें मत आहे. ज्या धाकानें मत बांधलें जाई त्याची जागा मतदानकेंद्र नव्हे, तर गांवचें दुकान, शेताचा बांध व वहिवाटीची वाट ही होती.

मुंबई सरकारनें १९२८ सालीं अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीच्या चौकशीसाठीं समिति नेमली. अध्यक्ष स्टार्ट यांच्या नांवानें ती ओळखली जाते, डॉ. भीमराव आंबेडकर तिचे एक सभासद होते. समितीचें खानदेशांतील काम आटोपल्यावर डॉक्टर एकटेच धुळें बाजूच्या एका गांवीं गेले. तेथील स्पृश्यांनीं अस्पृश्यांवर बहिष्कार पुकारला होता, त्याची त्यांस चौकशी करावयाची होती. परततांना, ता. २३ आक्टोबर १९२९ रोजीं, ते चाळीसगांवीं उतरले. अस्पृश्यास नेण्यास टांगेवाले तयार होईनात. म्हणून त्यांच्याच समाजांतील एका अननुभवी माणसानें टांगा हांकला, आणि पुलावर डॉक्टर खालीं पडून त्यांचा पाय मोडला. हा अपघात सर्वांस ठाऊक आहे. ज्या कामासाठीं ते गेले होते तें मात्र मागें पडलें. आम्हांस तेंच अधिक मोलाचें वाटतें.

समितीनें १९३० च्या अहवालांत बहिष्काराची रीत स्पष्ट नोंदविली आहे. हक्क बजावूं पाहणाऱ्यास कसत्या जमिनीवरून काढावें, मजुरी बंद करावी, गांवकामाचा मोबदला थांबवावा, वाट अडवावी, वाण्यास माल न देण्याविषयीं निरोप धाडावा. ह्यांत लाठी नाहीं कीं रक्त नाहीं! त्याच वर्षीं गोलमेज परिषदेंत डॉ. आंबेडकर व श्रीनिवासन यांनीं मागण्यांचा जो मसुदा सादर केला, त्यांत प्रौढ मतदानाबरोबरच बहिष्कार हा गुन्हा ठरविण्याचीही मागणी होती. नमुना ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्याचा होता. मताचा हक्क व दुकानांतून मीठ मिळण्याचा हक्क एकाच कागदावर आले, तें उगीच नव्हे.

तथापि धाकापुढें सर्वत्र मान तुकली असेंही नाहीं. १९३७ च्या निवडणुकींत पूर्व खानदेशांतून, म्हणजे आजच्या जळगांव जिल्ह्यांतून, स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलतराव गुलाजी जाधव निवडून आले.

पुढें १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नें मतदारास वाळींत टाकण्याची धमकी हें भ्रष्ट आचरण ठरविलें; महाराष्ट्रांत बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा २०१६ सालचा आहे. एकट्याचें मत गुप्त राहतें, परंतु मोजणी केंद्रवार होते, आणि लहान गांवांत वस्तीचा कल सहसा झांकत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, आखाजीस होणाऱ्या सालदारांच्या करारांचे कागद व किराणा दुकानांच्या उधारीच्या वह्या रद्दींत घालूं नयेत. निवडणुकीच्या महिन्यांत एखाद्या वस्तीचीं खातीं एकाएकीं थांबलेलीं आढळल्यास तेवढीं पानें तारखांसह उतरून ठेवावीं.