उद्याच्या कामाची वर्दी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर एखाद्या टॉवरचा स्लॅब भरायचा असला की आदल्या संध्याकाळीच व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं ठरतं: सळईची तपासणी कधी, पंप कुठे लावायचा, बिगारी किती. तयार काँक्रीट प्लांटमध्ये कालवल्यापासून साधारण दोन तासांत ओतावं लागतं आणि गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी असते. मिक्सर माजिवड्याला अडकला तर ते साइटवर त्याच मिनिटाला कळायला हवं.

उद्याच्या कामाच्या या निरोपाची दोन घराणी आहेत. एक भिंतीवरच्या तक्त्याचं. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने 1910च्या दशकात रूढ झालेला आडव्या पट्ट्यांचा तक्ता आपल्याकडे 'बारचार्ट' म्हणून साइट ऑफिसात चिकटला. दुसरं घराणं मुकादमाच्या वहीचं. डोंबिवलीत तीन-चार मजली इमारती भराभर उभ्या राहत होत्या, तेव्हा मुकादम सकाळी मजूर नाक्यावरून माणसं उचलायचा, वहीत हजेरी आणि खाडा मांडायचा, आठवड्याला खर्ची द्यायचा. तक्त्याला फक्त काम माहीत होतं. पेरणीला कोण गावी जाणार, कोणाच्या घरी लग्न आहे, हे मुकादमालाच ठाऊक असे. खरं वेळापत्रक त्याच्या डोक्यात होतं, आणि माझ्या मते इमारती त्यावरच उभ्या राहिल्या.

भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995चा. त्या काळात आलेल्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे फोन बिल्डर आणि मोठ्या ठेकेदारापुरताच राहिला. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि फोन गवंड्याच्या खिशात आला. मिस्ड कॉलचा अर्थ आधीच ठरलेला असे: एक वाजला की उद्या या. हळूहळू फरशीवाले, प्लंबर, फिटर यांना घरबसल्या बोलावणं येऊ लागलं. नाक्यावर उरला तो मुख्यतः बिगारी. त्याचा नंबर कोणी जपून ठेवत नाही.

1 मे 2017 पासून बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेरा या प्राधिकरणाचे नियम लागू झाले. प्रकल्पाची प्रगती दर तिमाहीला संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक झालं आणि साइटवरचं वेळापत्रक घर घेणाऱ्यालाही दिसू लागलं. रोजच्या कामाचे फोटो, चेहरा दाखवून हजेरी, हे आता ॲपवर चालतं.

तरीही एक गाठ सुटलेली नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ॲपमधली हजेरी ठेकेदाराच्या खात्यात राहते, आणि कामगार दाखल्यासाठी त्याच्याच मागे फिरतो. पूर्वी वही मुकादमाच्या बगलेत असायची, तेव्हाही हेच होतं. चेहऱ्यावरून हजेरी घेणाऱ्या यंत्राला तीच नोंद संध्याकाळी कामगाराच्या फोनवर, मराठीत किंवा हिंदीत, तारीख आणि साइटच्या नावासह पाठवणं अवघड नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महापालिकांनी बांधकामाची परवानगी देतानाच ही अट घालावी.